सापकांदा : कंदातल्या शिलकीवर ठरणारे नर आणि मादी

सापकांदा ही सह्याद्रीच्या ओलसर, दाट सावलीच्या रानात मृगाच्या पहिल्या सरींबरोबर जमिनीतून वर येणारी रानवनस्पती आहे. आदल्या आठवड्यापर्यंत जिथे नुसता पालापाचोळा होता, तिथे गुडघ्याइतका, क्वचित मांडीइतका उंच दांडा उभा राहतो. दांड्यावर हिरवट-जांभळे ठिपके असतात आणि टोकाला पुढे झुकलेला पांढरा फणा. फण्याच्या कंठाशी गडद जांभळा रंग असतो. झाडोऱ्याच्या अंधारात तो अचानक समोर आला तर पाऊल आपोआप मागे घेतले जाते. नाव तिथूनच पडले.

अहिल्यानगर जिल्ह्यात हे फूल पाहायचे तर जिल्ह्याचे पश्चिम टोक, म्हणजे अकोले तालुक्याचा घाटमाथा गाठावा लागतो. याच जिल्ह्याच्या उत्तर टोकाला असलेल्या कोपरगावच्या काळ्या रानात ते उगवत नाही. दोन्हींमध्ये अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटरचे, पण पावसात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सापकांद्याचे खरे कोडे मात्र त्याच्या फण्यात नाही. एकच रोप ओळीने काही वर्षे पाहिले तर ते लक्षात येते. एका वर्षी पावसाळा संपताना त्या जागी मक्याच्या छोट्या कणसासारखे लालभडक फळांचे कणीस दिसते. पुढच्या जूनमध्ये त्याच कंदातून पुन्हा फुलोरा येतो, फणा तसाच डौलदार असतो, पण यंदा एकही फळ धरत नाही. आणखी एक-दोन वर्षांनी पुन्हा लाल कणीस. पाऊस कमी पडलेला नसतो, कीड लागलेली नसते. मधल्या वर्षी ते रोप नर झालेले असते, इतकेच.

कांद्याचे डेंगळे आणि रानातला कंद

हे कसे घडते ते समजायला कोपरगाव-येवल्याकडचे कांद्याचे वावर उपयोगी पडते. कांद्याचे बी धरायचे असेल तर शेतकरी चांगले पोसलेले, निरोगी कांदे निवडून पुन्हा जमिनीत लावतो. त्यातून डेंगळे निघतात, डेंगळ्यावर पांढऱ्या फुलांचा गोंडा येतो आणि गोंड्यात काळे बी भरते. अशा वेळी कांदा उपटून आडवा चिरला तर तो पूर्वीसारखा घट्ट लागत नाही. पाकळ्या सैल, पातळ झालेल्या असतात. डेंगळा उभा करायला आणि बी भरायला लागलेला माल बराचसा त्या पाकळ्यांतून गेलेला असतो. म्हणून बियाण्यासाठी कोणी चिंगळी लावत नाही. चिंगळीच्या पोटात खर्चाला पुरेल इतके असतच नाही.

सापकांद्याचेही पोट जमिनीखाली आहे. त्याला लोक कांदा म्हणतात, पण तो कांद्यासारखा पदरापदरांचा नसतो. सुरणासारखा भरीव, चपटा-गोल कंद असतो. ऑक्टोबरात पान वाळून गेले की पुढचे सात-आठ महिने वर काहीच दिसत नाही. वणवा जाऊ दे, गुरे तुडवू देत, वैशाखाचे ऊन तापू दे, कंद खाली शांत पडून असतो. जूनमध्ये जमीन भिजली की साठवलेल्या पिष्टावर तो फुलोरा वर ढकलतो. त्या वेळी पान अजून नीट उलगडलेले नसते, त्यामुळे हा सगळा सुरुवातीचा खर्च मागच्या वर्षीच्या शिलकीतून होतो.

मग पान येते, बहुधा एकच. एका दांड्याच्या टोकावर पाच ते दहा पर्णिका छत्रीच्या काड्यांसारख्या गोल पसरतात. रोपाचा कमावता हात तो हाच. जुलै ते सप्टेंबर या अवघ्या तीन महिन्यांत, झाडांच्या सावलीत आणि ढगाळ उजेडात, या एका पानाला वर्षभराचे अन्न तयार करून कंदात भरायचे असते. डेंगळा देऊन कांदा संपतो. सापकांदा मात्र दरवर्षी खर्च करतो आणि दरवर्षी पुन्हा भरतो. एखाद्या वर्षी भर जास्त पडते, एखाद्या वर्षी तूट येते. नर-मादीचे सगळे गणित या खतावणीवर चालते.

फणा म्हणजे फूल नव्हे

फण्याला फूल म्हणण्याची सवय आहे, पण खरी फुले वेगळीच असतात. हारवाल्याकडे किंवा लग्नाच्या सजावटीत दिसणारे लाल अँथुरियम आठवले की रचना चटकन कळते. तिथे चकचकीत लाल ताट असते आणि त्यातून पिवळसर बोट वर आलेले असते. ताट म्हणजे रंगीत झालेले एक पान. खरी फुले त्या बोटावर बारीक दाण्यांसारखी चिकटलेली असतात. वनस्पतिशास्त्राच्या मराठी पुस्तकांत या ताटाला महाछद आणि बोटाला स्थूलकणिश म्हणतात.

सापकांद्यात हेच ताट गुंडाळून खाली नळी आणि वर फणा असे झालेले आहे. कोनात भरून दिलेल्या चण्यांसारखी गोष्ट : बाहेरून फक्त कागद दिसतो, माल आत तळाशी असतो. फणा हळूच बाजूला करून नळी उभी चिरली तर आत बोट दिसते. त्याच्या खालच्या भागावर एक तर पिवळसर-जांभळट परागकोशांचे विरळ पुंजके असतात, नाहीतर हिरव्या मण्यांची दाट रास असते. पुंजके असतील तर ते रोप यंदा नर आहे. मणी असतील तर मादी. प्रत्येक मणी म्हणजे एक बीजांडकोश, पुढे त्याचेच लाल फळ होते. बोटाचा वरचा भाग मात्र बोडका असतो, तिथे एकही फूल नसते. त्याचे काम वेगळे आहे, ते पुढे येईल.

सुरण, अळू, शेवळ आणि अँथुरियम हे सगळे सापकांद्याचे भाऊबंद, एकाच कुळातले. पावसाच्या तोंडावर कोकणात भाजीसाठी विकली जाणारी शेवळे म्हणजेही असाच फुलोरा. शेवळाच्या किंवा अळूच्या बोटावर खाली मादीफुले आणि वर नरफुले अशी दोन्ही एकत्र नांदतात. सह्याद्रीतल्या या पांढऱ्या फण्याच्या सापकांद्याने मात्र एका वर्षी एकच भूमिका घ्यायची असे ठरवले आहे.

पपईचे रोप आणि सापकांदा

नर आणि मादी झाडे वेगळी असणे मराठी शेतकऱ्याला नवे नाही. पपईच्या जुन्या जातींत लांब देठाच्या लोंबत्या फुलांचे झाड दिसले की ते नर ठरते. परागासाठी एखाद-दुसरे ठेवून बाकीची उपटली जातात, कारण ती आयुष्यभर नरच राहणार हे ठाऊक असते. पपईत लिंग बियातच ठरलेले असते. माणसात जसे गुणसूत्रांवर ते ठरते, जवळजवळ तसेच. कितीही खत घातले तरी नर पपई मादी होत नाही.

सापकांद्याला खत घातले तर होऊ शकते. या वनस्पतींच्या गणाला ॲरिसीमा म्हणतात. या गणाच्या सुमारे दोनशे जाती जगात आहेत. बहुतेक आशियात, विशेषतः हिमालयापासून चीन-जपानपर्यंत, काही आफ्रिकेत आणि थोड्या उत्तर अमेरिकेत. त्यांतल्या बहुतेक जातींत बी रुजल्यावर पहिली काही वर्षे रोपाला फक्त पान येते, फुलोरा येत नाही. कंद थोडा भरला की पहिला फुलोरा येतो आणि तो नर असतो. कंद आणखी भरला की मादी. आणि हा रस्ता दोन्ही बाजूंनी चालतो. मादी झालेल्या रोपाने कणीसभर फळे पिकवली की कंद रिता होतो आणि पुढच्या वर्षी ते पुन्हा नर होते. फारच ओढाताण झाली तर नुसत्या पानावर येते.

हे अंदाजाने मांडलेले नाही, प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. अमेरिकेत जॉन शाफ्नर यांनी 1922 मध्ये आणि जपानमध्ये माएकावा यांनी 1924 मध्ये आपापल्या देशातल्या जातींवर केलेले काम प्रसिद्ध झाले. चांगल्या, ओल्या, सकस मातीत वाढवलेली नर रोपे मादी होत. मादी रोपाची उपासमार केली, किंवा कंदाचा तुकडा कापून काढला, की पुढच्या हंगामात ते नर होऊन उगवे. पान वेळेआधी तोडले तरी परिणाम तोच. रोप तेच, गुणसूत्रे तीच, फक्त शिल्लक बदललेली.

थोडक्यात कंद तो कंदच राहतो आणि दरवर्षी स्वतःची ऐपत पाहून भूमिका घेतो. वनस्पतिसृष्टीत एकाच फुलात दोन्ही अवयव असणे सर्रास आहे, पण एकाच जिवाने वर्षागणिक अशी अदलाबदल करणे फारच थोड्या वनस्पतींना जमले आहे.

लहान असताना नर का, मोठेपणी मादी का

उत्तर खर्चात आहे. नर होण्याचा खर्च म्हणजे थोडी पराग-धूळ. ती झटकली की काम संपले, जूनअखेर फुलोरा कोमेजून जातो आणि उरलेला सगळा पावसाळा पानाची कमाई सरळ कंदात जमा होते. मादीचा खर्च मात्र फुलोऱ्याने संपत नाही, तिथून सुरू होतो. मणी फुगवायचे, त्यात बी भरायचे, बियांना रुजण्यापुरती शिदोरी बांधून द्यायची, फळाला गर आणि रंग द्यायचा. हे काम ऑक्टोबरपर्यंत चालते. पानाने कमावलेले एकीकडे येते आणि दुसरीकडे कणसात जाते.

छोट्या कंदाने मादी व्हायचे ठरवले तर दोन-चार बिया कशाबशा भरतील आणि कंद पोखरला जाईल. त्याच कंदाने नर व्हायचे ठरवले तर त्याचा पराग एखाद्या धष्टपुष्ट मादीवर जाऊन तिच्या भरल्या कणसाचा बाप तो होऊ शकतो. बाप व्हायला मोठे असावे लागत नाही. आई व्हायला लागते. म्हणून लहानपणी नर आणि मोठेपणी मादी ही वाटणी वंश वाढवण्याच्या दृष्टीने सर्वांत फायद्याची पडते. मायकेल गिसेलिन या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने 1969 मध्ये हा विचार सूत्ररूपात मांडला. ज्या लिंगाला आकाराचा फायदा जास्त, ते लिंग आयुष्यात नंतर यावे, असे ते सूत्र सांगते.

सूत्र खरे असेल तर जिथे आकाराचा फायदा नराला जास्त, तिथे क्रम उलटा दिसायला हवा. तसा तो दिसतोही. मालवणपासून वसईपर्यंतच्या बाजारात येणारे हेकरू मासे घ्या. त्यांच्या अनेक जातींत मासा आधी मादी असतो आणि मोठा झाल्यावर नर होतो. तिथे थोराड नराला प्रजननाच्या वेळी वरचढ ठरून अनेक माद्या मिळतात, लहान नराला संधीच नसते. शोभेच्या टाकीतल्या नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्लाउनफिशमध्ये मात्र सापकांद्यासारखाच क्रम असतो : आधी नर, मग मादी. समुद्रातला मासा आणि घाटावरचा कंद यांचे नाते शून्य, पण गणित एकच.

निर्णय आदल्या वर्षीच होतो

जूनमध्ये फणा वर आल्यावर रोप नर की मादी ते ठरत नाही. तोपर्यंत उशीर झालेला असतो. ते ठरते आदल्या पावसाळ्याच्या शेवटी, पान वाळायच्या सुमारास.

द्राक्षबागेत हीच गोष्ट निराळ्या रूपात दिसते. नाशिक पट्ट्यातला बागायतदार एप्रिलमध्ये खरड छाटणी करतो. त्यानंतर फुटलेल्या काडीच्या डोळ्यात, उन्हाळ्याच्या त्या दिवसांत, डोळ्यांनी दिसणार नाही असा बारीक घड तयार होतो. ऑक्टोबरची छाटणी झाल्यावर जो घड बाहेर येतो तो हा, आधीच आत बसलेला. सूक्ष्म घडनिर्मितीच्या वेळी ऊन कमी मिळाले किंवा वेल कमकुवत राहिली, तर ऑक्टोबरात कितीही धावपळ केली तरी काडीला घड नसतो.

सापकांद्याच्या कंदाच्या माथ्यावरही असाच एक डोळा असतो. पान वाळण्याच्या सुमारास त्या डोळ्यात पुढच्या वर्षीचा फुलोरा अत्यंत लहान रूपात तयार झालेला असतो. उन्हाळ्यात निजलेला कंद उकरून भिंगाखाली डोळा उलगडला तर पुढच्या जूनमध्ये काय येणार ते आधीच दिसते. म्हणजे यंदाचा फणा ही गेल्या वर्षीच्या कमाईची पावती असते. यंदा पाऊस चांगला झाला याचा फायदा पुढच्या वर्षी कळतो.

चिलटांचा पिंजरा

एका वर्षी एकच भूमिका घ्यायची म्हटले की पराग एका रोपावरून दुसऱ्यावर न्यायला वाहक लागतो. हे काम फुलपाखरे किंवा मधमाश्या करत नाहीत. सापकांद्याकडे मधही नसतो आणि देण्यासारखे दुसरे काही नसते. या गणातल्या वनस्पती त्यासाठी बुरशीवर वाढणाऱ्या बारीक, डासासारख्या माश्यांना बोलावतात. कुजक्या पानांवर आणि अळंब्यांवर या माश्या अंडी घालतात. पावसाळी रानात त्यांना तोटा नसतो.

माशीला बोलावण्याचे काम बोटाचा तो वरचा, बोडका भाग करतो. त्यातून सुटणारा वास माणसाच्या नाकाला बहुधा जाणवतही नाही, पण माशीला तो आपल्या ओळखीच्या ओलसर, बुरशीच्या जागेचा वाटतो. ती फण्याखाली शिरते. नळीची आतली भिंत मेणचट, गुळगुळीत असते. तेल लावलेल्या मल्लखांबावरून नवखा जसा सर्रकन खाली येतो तशी ती तळाशी घसरते. वर चढून जाता येत नाही, आणि बोटाभोवती उडायला जागा नसते.

इथून पुढे नर आणि मादी यांचे वागणे वेगळे होते, आणि हा या सगळ्या कथेतला सर्वांत विलक्षण भाग आहे. नर फुलोऱ्यात तळाशी पराग सांडून त्याची पिठूळ रास झालेली असते. माशी त्यात धडपडते, अंगभर पीठ माखते. मग तिला उजेडाची एक फट दिसते. नळीच्या तळाशी, जिथे गुंडाळीच्या दोन कडा एकमेकींवर येतात, तिथे नर फुलोऱ्यात छोटीशी वाट मोकळी ठेवलेली असते. माशी तिथून निसटते आणि पराग घेऊन जाते.

मादी फुलोरा बाहेरून तसाच दिसतो, वासही माशीला फसवण्याइतका सारखा असतो. नर फुलोऱ्यातून सुटलेली माशी पुन्हा एकदा फसते आणि घसरून खाली येते. यावेळी तळाशी फट नसते. बाहेर पडायच्या धडपडीत ती हिरव्या मण्यांवरून गोल गोल फिरत राहते आणि अंगावरचा पराग मण्यांच्या टोकांना लागत जातो. शेवटी ती तिथेच मरते. जुलैच्या सुरुवातीला सुकू लागलेली मादी नळी उघडली तर तळाशी मेलेल्या चिलटांचा थर सापडतो.

हा भेद क्रूर वाटतो, पण त्यामागे कारण आहे. नराचे काम माशी बाहेर पडल्याशिवाय होत नाही. मादीचे काम माशी जितका वेळ आत अडकेल तितके चांगले होते. नराने फट बुजवली तर त्याचा पराग आतच सडेल. मादीने फट ठेवली तर माशी अर्धे काम टाकून निघून जाईल. आश्चर्याची गोष्ट अशी की ज्या रोपाने गेल्या वर्षी फट ठेवली होती, तेच रोप यंदा मादी झाल्यावर फट बुजवून येते. फुले बदलतात तेव्हा घराची बांधणीही बदलते.

चौकट : सापकांदा कसा ओळखावा

पांढऱ्या फण्याचा सापकांदा म्हणजे ॲरिसीमा मरेई. मुंबईतील जॉन ग्रॅहम यांनी 1839 मध्ये छापलेल्या मुंबई परिसरातील वनस्पतींच्या यादीत या जातीला मरे या आडनावावरून नाव दिले. ही जात पश्चिम घाटाबाहेर रानटी आढळत नाही. दांडा ठिपकेदार, फणा पांढरा, कंठ जांभळा, पान छत्रीसारखे.
त्याचा उंच भाऊ ॲरिसीमा टॉर्चुओसम. दीड मीटरपर्यंत वाढतो, फणा हिरवट, आणि बोटाचे टोक फण्याबाहेर वळून चाबकासारखे वर जाते. हिमालयातही आढळतो. त्याची लहान रोपे नर असतात, मोठ्या रोपांच्या बोटावर मात्र नर-मादी दोन्ही फुले येतात.
ॲरिसीमा सह्याद्रीकम ही जात कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील डॉ. एस. आर. यादव व त्यांच्या सहकाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस प्रथम वर्णन केली.
दांड्यावरचे ठिपके खोडाचे नसतात. केळीसारखे इथेही खोड खोटे, म्हणजे पानांच्या आवरणांची गुंडाळी असते.

हात न लावण्याचे कारण

अळूची पाने चिरताना हात खाजतात, आणि अळूचे फदफदे नीट शिजले नसेल तर घसा खवखवतो. त्यामागे कॅल्शियम ऑक्झॅलेट नावाच्या क्षाराचे सुईसारखे स्फटिक असतात. पेशींमध्ये ते काडेपेटीतल्या काड्यांसारखे जुडग्याने भरलेले असतात. पान चावले गेले की सुया जिभेत, घशात टोचतात आणि वनस्पतीतला दाहक रस त्या भोकांतून आत शिरतो. म्हणून अळूला चिंच, सुरणाला आमसूल, शेवळाला काकडाची आंबट फळे आणि सर्वांना भरपूर शिजवणे ही स्वयंपाकघरातली शहाणी रीत पडली.

सापकांद्याच्या अंगातही याच सुया आहेत, पानात, कंदात, कोवळ्या फळातही. लाल कणीस मुलांना खुणावते, एक दाणा तोंडात टाकला तर जीभ सुजू शकते. शेवळे खुडायला जाणाऱ्यांनी सापकांदा वेगळा ओळखायला हवा. शेवळाचा फुलोरा तपकिरी-जांभळा असतो, पांढरा फणा त्याला नसतो. नावात साप आहे म्हणून सापाच्या विषावर कंद उगाळून लावण्याचा प्रकार तर जिवावर बेतू शकतो. सर्पदंशावर प्रतिसर्पविषाचे इंजेक्शन हाच उपाय आहे आणि ते सरकारी दवाखान्यात मिळते.

कोपरगावला का नाही

कोपरगाव सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येते. ढग घाटमाथ्यावर रिते होऊन पुढे येतात, त्यामुळे इथे वर्षाला सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही खंड पडत. त्याच जिल्ह्यातल्या घाटघरला हा आकडा काही हजारांत जातो. पण सापकांद्याची अडचण केवळ पाणी कमी ही नाही. कोपरगावला कालव्याचे पाणी आहेच, त्यावर ऊस उभा आहे.

अडचण अशी आहे की सापकांद्याला पाण्याबरोबर एक आख्खे रान लागते. भुसभुशीत, पानांच्या खताने भरलेली, पाणी न साचणारी माती लागते. काळी माती पावसात चिकट होऊन कंद कुजवते. एकुलत्या एका पानाला तीन-चार महिने सलग ओलावा लागतो, कारण ते मध्येच करपले तर त्या वर्षीची सगळी कमाई बुडाली. वरती सावली लागते. आणि सावलीखाली कुजणारा पाला, पाल्यावर अळंब्या, अळंब्यांवर माश्या ही साखळी लागते. साखळी तुटली तर फणा येईल, पण पराग न्यायला कोणी नसेल.

कळसूबाई (1,646 मीटर), रतनगड, हरिश्चंद्रगड हा पट्टा आणि त्याला लागून असलेले इगतपुरी-त्र्यंबकचे डोंगर इथे हे सगळे एकत्र सापडते. 1986 मध्ये जाहीर झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात कारवीच्या जाळ्या, ओढ्याकाठची सदाहरित झाडी आणि देवराया आहेत. कोपरगावचा या रानाशी संबंध नाही असे मात्र म्हणता येत नाही. ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी आणि इगतपुरीकडून येणारी दारणा यांचे पाणी नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यातून कालव्यांनी कोपरगावच्या उसाला मिळते. पावसाचा जो थेंब सापकांद्याच्या पानावरून घरंगळतो, तो पानांच्या खतात मुरत मुरत नदीला लागतो आणि काही दिवसांनी कोपरगावच्या पाटात येऊ शकतो.

कणीस पिकल्यावर

सप्टेंबरच्या अखेरीस मादी रोपाचा फणा कधीच गळून गेलेला असतो. हिरवे मणी आधी पोपटी, मग नारिंगी आणि शेवटी लाल होतात. पान पिवळे पडते, दांडा कणसाच्या भाराने वाकतो आणि फळे जमिनीजवळ येतात. लाल रंग पक्ष्यांसाठी असतो. ते गर खातात आणि बी दूर टाकतात. बाकीचे बी तिथेच पाल्यात पडून पुढच्या पावसाची वाट पाहते.

याच काळात त्या जागेवर काय होते यावर पुढच्या वर्षीचा हिशोब ठरतो. ऑगस्टमध्ये गुराने पान तोडले, सरपणासाठी वरची झाडी तुटून ऊन थेट पडले, पायवाट रुंद होऊन माती घट्ट झाली, तर कंद भरत नाही. रोप मरत नाही, पुढच्या जूनमध्ये फणा पुन्हा येतो, त्यामुळे वरवर पाहणाऱ्याला सगळे ठीक वाटते. पण तो फणा नराचा असतो. असे अनेक कंद एकदम नर झाले तर त्या ओढ्याकाठी फणे भरपूर दिसतात आणि ऑक्टोबरात लाल कणीस एकही नसते. म्हणून अशा रानाची तब्येत पाहायची तर जूनमध्ये फणे मोजून पुरत नाही, दिवाळीआधी जाऊन कणसे मोजावी लागतात.

बी रुजल्यावर पहिल्या वर्षी रोपाला एकच लहान पान येते आणि जमिनीखाली वाटाण्याएवढा कंद तयार होतो. पुढची काही वर्षे फक्त पान, मग नर, मग मादी. अमेरिकेतल्या भाऊबंद जातीची रोपे अशी दशकानुदशके जगतात. दसऱ्याच्या सुमारास घाटमाथ्यावर पान पूर्ण सुकते, दांडा मातीला मिळतो आणि कंद पाल्याखाली एकटा राहतो. त्याच्या माथ्यावरच्या डोळ्यात पुढच्या जूनचा फुलोरा तेव्हा तयार असतो, नराचा किंवा मादीचा.